उणे ऐंशी

कॉडच्या मासेमारीवर बंदी आली तेव्हा मी बेचाळीसचा होतो.
होडी वाळूवर पालथी घातली,
आणि सरकारी अर्जात, 'अन्य कौशल्ये'समोर, लिहिलं :
सुरी.

डॉक्टर अल्मा टिझर्डनी तेवढंच वाचलं.
"यकृत कापता येतं?"
"कॉडचं. डोळे मिटून."
"इथं डुकराचं. डोळे उघडे, पण अंधारात."

कारण फोलेट उजेडाला भितं.
पिवळ्या मिणमिणत्या दिव्याखाली सतरा हिवाळे काढले आम्ही.
त्या यकृत म्हणायच्या, मी काळीज.
दुधातले जंतू उपाशी ठेवायचे,
मग थेंबभर अर्क.
नळी जितकी गढूळ, तितकं फोलेट.
भूक मोजायची ही रीत मला लगेच पटली.

बाई दक्षिणेकडच्या खाडीतल्या, जिथं रस्ता पोचत नाही.
आई कोबी तासभर उकळायची, खारवलेल्या मांसाबरोबर,
आणि हिरवं पाणी पायरीवरून भिरकावून द्यायची.
बर्फात भोक पडायचं.
एकदाच म्हणाल्या, हातमोजे काढता काढता :
"माझ्या दोन भावांचे कणे त्या भोकातून वाहून गेले."
आणि सेंट्रिफ्यूज सुरू केलं.
त्या घरघरीत मला काही बोलता आलं नाही.
बोलता येऊ नये म्हणूनच.

शेपटीची गोष्ट मात्र नीट सांगितली.
फोलेट पेशीत शिरतं तसं निसटूनही जातं.
मग एक विकर त्याच्या मागे दुवे जोडत बसतं,
एक, दोन, पाच, सहा,
शेपूट लांबलं की दारातून बाहेर पडता येत नाही.
"म्हणजे गळाचा काटा," मी म्हटलं. "जातो सरळ, येताना मांस घेऊन येतो."
बाईंनी वहीत टिपून घेतलं.
पुढं व्हिएन्नाच्या परिषदेत म्हणे पडद्यावर गळ होता,
खाली बारीक अक्षरात माझं नाव.
घरी मी सांगितलं नाही.

मग त्यांच्या डोक्यात आलं :
या विकराचं जनुकच गाठीत नेऊन सोडलं तर?
फोलेटचं सोंग घेतलेलं औषध आत जाईल,
त्याला शेपूट फुटेल, अडकेल,
गाठ आतून मरेल.
न्यायचं पोखरलेल्या विषाणूतून.
म्हणजे चोराची होडी, आपला माल.

एकवीस उंदरांपैकी एकोणिसांच्या गाठी विरल्या.
त्या रात्री बीकरमधून रम प्यालो.
बीकर मीच धुतलेले.

माणसं तीनच.
तिसरा रँडल ब्लॅग्डन, ट्रॉलरवरचा स्वयंपाकी, गाठ मेंदूत.
होडी धक्क्याला लागलीच नाही.
कुठं बुडाली, आठ महिने शोधत होतो.
दर रविवारी बाई त्याच्या बायकोकडे जायच्या.
मी गाडीत थांबायचो, काच खाली करून.
हसल्याचा आवाज आला एकदा. कुणाचा ते कळलं नाही.

पिठात फोलिक आम्ल घालायचा कायदा त्याच्या आधीच झाला होता.
कितीजणांचं काम; बाईंचे त्यात
दोन आकडे, एका तळटीपेत.
प्रसूतिगृहाकडून दरवर्षी येणारी यादी आखूड होत गेली.
एका वर्षी तर पानाच्या निम्म्यातच संपली.
बाईंनी ती उलटी करून पाहिली, मागं काही आहे का.
मग पाव काढला पिशवीतून.
"लोणी आण," म्हणाल्या.

आज फ्रीझर रिकामा करतोय.
दार उघडलं की धुकं पायांवर ओतलं जातं.
बाई खुर्चीत, अंगात कोट, गुडघ्यांवर काठी.
मी लेबल वाचतो, त्या म्हणतात, "टाक."
डुक्कर, सत्त्याण्णव. टाक.
उंदीर, एकोणिसावा. टाक.

"आर. बी., तिसरा."

काठी फरशीवर सरकली.
"बाई, दुपारी वीज तोडणार आहेत."
"माहीत आहे."
हातमोजा घातला नव्हता मी.
नळी बोटांना चिकटून बसली होती,
आणि ओढली तर कातडी जाईल
म्हणून आम्ही दोघं तसेच थांबलो.